काढून टाकलेल्या नोंदी

कॉम्प्युटरचे मागचे स्क्रू काढून मी झाकण उचललं आणि आत पीठ निघालं. ज्वारीचं असावं. पंख्यावर, तारांवर, कोपऱ्याकोपऱ्यांत पांढरा थर बसला होता. मी ते बोटावर घेऊन डबीरबाईंना दाखवलं.

"बाई, एक भाकरी आरामात होईल."

"दोन होतील," बाई चष्मा वर करून आत डोकावत म्हणाल्या. "पण चाळून घ्यावं लागेल."

ही वीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. कराडात पिठाच्या गिरणीवरच्या मजल्यावर आमच्या वधू-वर सूचक मंडळाचं ऑफिस होतं. आमच्या म्हणजे माझं त्यात काही नव्हतं. मी स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवत होते आणि डबीरबाईंनी मला शाळेत गणित शिकवलेलं असल्यामुळे त्यांचा निरोप आला की मला जावंच लागायचं. वय सत्तावीस, लग्न झालेलं नाही. अशा मुलीनं वधू-वर मंडळाच्या जिन्यावर पाय ठेवणं म्हणजे काय, ते सांगायला नको. आल्या आल्या बाईंनी चहा विचारायच्या आधी माझी उंची विचारली होती.

"फाइल बिघडलीय ना बाई? मग माझी नोंद कुठे करणार?"

"कागदावर करून ठेवते. तू दुरुस्त केलीस की तूच भर."

खालून घरघर ऐकू आली. गिरणीची मोटार सुरू झाली तसा खोलीतला दिवा मंद झाला आणि परत उजळला. मला आजाराचं मूळ कळलं. दर वेळी गिरणी सुरू झाली की कॉम्प्युटरला असाच झटका बसत असणार, आणि आज सकाळी तो नेमका नोंद लिहिली जात असताना बसला होता. विजेचा धक्का झेलायला यूपीएस होता, पण त्याची बॅटरी केव्हाच मेली होती आणि तो टेबलाच्या आखूड पायाखाली ठेवलेला होता.

"काय निदान?" खिडकीजवळच्या टेबलावरून आवाज आला.

हे मुतालिकसर, मंडळाचे संचालक. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बंगलोरला. मंडळात सरांचे नियम आणि बाईंचं काम अशी वाटणी होती. दोघं समोरासमोरच्या टेबलांवर बसत आणि दिवसभर वाद घालत. पंखा किती वर ठेवायचा यावरसुद्धा.

"फाइल उघडत नाहीये, सर. नोंदींची सगळी फाइल बिघडलीय."

"रविवारी मेळावा आहे."

"माहीत आहे."

"आज गुरुवार."

"वार तिला कळतात हो," बाई म्हणाल्या. "शाळेत मीच शिकवलेत."

गंमत बाजूला, पण दोघांचेही चेहरे उतरले होते. मेळाव्याला आजूबाजूच्या तालुक्यांतून माणसं यायची होती आणि कोण येणार, कोणाचं वय काय, कोणाची अपेक्षा काय, हे सगळं त्या पिठात अडकलं होतं. त्यात बाईंचा हा शेवटचा मेळावा. नाशिकच्या भाच्यानं घर बांधलं होतं आणि मावशीला राहायला बोलावलं होतं. बुधवारचं तिकीट काढलेलं होतं. हे बाईंनीच मला सांगितलं, आणि जरा मोठ्यानंच सांगितलं.

"इथे आता कोण आहे माझं? भाड्याची खोली. ती सोडली की झालं."

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"मांडववाल्याला फोन केलात का?" ते म्हणाले.

"केला," बाई म्हणाल्या आणि कपाट जोरात बंद केलं.

मला सरांचा राग आला. इतकी वर्षं समोर बसणारं माणूस गाव सोडून चाललंय आणि ह्यांना मांडव सुचतोय. पण मी दुरुस्तीला आले होते, म्हणून परत कामाकडे वळले.

"नोंदींची दुसरी प्रत असेलच ना?" मी विचारलं. "रोज संध्याकाळी आपोआप होते ती?"

"अर्थात," सर म्हणाले. "तो माझा नियम आहे."

प्रत होती. मी उघडली. तिच्यातली शेवटची नोंद पाच वर्षांपूर्वीची होती. आणि प्रतीवरची तारीख मात्र पुढची, अजून यायचीच होती. त्या तारखेला यायला आणखी पाच वर्षं बाकी होती.

"हे कसं शक्य आहे?" सर उठून आले.

मला ते लगेच समजलं. प्रत करणारा प्रोग्राम मठ्ठ असतो. तो रोज फक्त एवढंच बघतो, की ठेवलेली प्रत जुनी आहे का? जुनी असेल तर बदलायची. ह्याच्याकडची प्रत पुढच्या काळातली होती, त्यामुळे पाच वर्षं तो रोज संध्याकाळी खुशाल हात जोडून बसत होता. पण कॉम्प्युटरची तारीख मुळात पुढे नेली कोणी?

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"बाई?" सर म्हणाले.

"पितृपक्ष होता," बाई म्हणाल्या.

"मग?"

"मग काय? तुमचा नियम. पितृपक्षात नोंद नाही, अमावास्येला नोंद नाही. मुलीचा बाप उंब्रजहून एसटीनं येतो, रजा टाकून येतो, त्याला सांगू, की जा, घट बसल्यावर ये? मी नोंद करून घ्यायची. आधी कॉम्प्युटरची तारीख नवरात्रात न्यायची, नोंद करायची, तारीख परत आणायची. कागदोपत्री नोंद घटस्थापनेची. तुमचा नियम पाळला गेला आणि त्या माणसाची रजाही फुकट गेली नाही."

"दर वर्षी?"

"दर अमावास्येला."

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी हसू दाबायला कॉम्प्युटरच्या डब्यात डोकं घातलं आणि पिठानं शिंकले.

"आणि त्यात एकदा वर्षाचा आकडा चुकला असेल," बाई हळूच म्हणाल्या. "दहा वर्षं पुढे गेलं असेल. त्या दिवशी माझा चष्मा घरी राहिला होता."

"शिस्त!" सर म्हणाले. "बाई, शिस्त नावाची काही गोष्ट असते! मी ह्या मंडळात एकही नियम मोडलेला नाही. एकही!"

"तुमचं बरोबर आहे. तुम्ही मोडला असतात तर मला मोडावा लागला नसता."

त्या दुपारी ती दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. मी डबा साफ केला, दुकानातून चांगला यूपीएस आणून जोडला आणि बिघडलेली फाइल उकरायला बसले. फाइलचं तोंड गेलं होतं, आतली माणसं शाबूत होती. एकेक तुकडा वाचून नव्या फाइलमध्ये ओतायचा, हे कंटाळवाणं काम आहे, पण मला ते आवडायचं. शुक्रवारी सकाळी पडद्यावर नावं दिसायला लागली आणि बाईंनी चक्क माझ्या पाठीत धपाटा घातला.

"शाब्बास! आली सगळी?"

"आली, बाई. जरा जास्तच आली."

"म्हणजे?"

मला समजावून सांगावं लागलं. आपण नोंद काढून टाकली असं म्हणतो, तेव्हा ती जात नाही. तिच्यावर फक्त खूण होते, की हिला आता दाखवायचं नाही. मंडळात नोंद काढताना प्रोग्राम कारण विचारायचा. लग्न जमलं असेल तर एक दाबायचं, स्वतःहून रद्द केली असेल तर दोन. खूण आणि कारण दोन्ही एकाच रकान्यात होती आणि नेमका तोच रकाना मेला होता. पाच वर्षांपूर्वीपर्यंतच्या खुणा जुन्या प्रतीतून मिळाल्या, पण त्यानंतर काढून टाकलेले सगळे परत उभे राहिले होते.

बाईंनी तोंडावर हात ठेवला. "म्हणजे ज्यांची लग्नं आपण जमवली, ते पुन्हा बोहल्यावर?"

"सगळे. नटूनथटून."

"मग ओळखायचं कसं, कोण मोकळं आणि कोण अडकलेलं?"

"विचारूनच," मी म्हटलं. "फोन करायचा आणि विचारायचं, तुमचं लग्न झालं का."

फोन करण्याचाही नियम होता. नाव घ्यायचं नाही, नोंदणी क्रमांक सांगायचा. मुलीची नोंद केलीय हे शेजारीपाजारी कळायला नको, म्हणून. त्यामुळे मी कागद छापले त्यावर नावं नव्हतीच. क्रमांक, वय, नोंदीची तारीख, अपेक्षा आणि फोन नंबर, बस. तीन गठ्ठे केले. पहिला फोन सरांनी ऑफिसच्या फोनवरून लावला.

"आपलं लग्न झालं आहे का? ... झालं होतं? होतं म्हणजे काय? आहे की नाही ते एका शब्दात सांगा. ... अहो, मी तुमच्या जखमेवर मीठ कशाला चोळू? मला रकाना भरायचा आहे!"

बाईंनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. समोरच्या माणसाशी दहा मिनिटं मायेनं बोलल्या, त्याची पुनर्विवाह विभागात नोंद केली आणि सरांना सांगितलं, "तुम्ही फोन करू नका. बसल्या जागी पाकिटांवर पत्ते लिहा." सर निमूटपणे पत्ते लिहायला बसले. त्यांचा गठ्ठा आम्ही दोघींनी वाटून घेतला. बाई ऑफिसच्या फोनवर, मी माझ्या मोबाइलवर.

मी इतकी हसले नव्हते कधी. पहिल्याच फोनला एका बाईनं उचललं.

"नोंदणी क्रमांक तीनशे बारा आहेत का?" मी विचारलं.

"कोण तीनशे बारा? हा काय तुरुंग आहे?"

"वधू-वर मंडळातून बोलतेय. रविवारी मेळावा आहे, तर त्यांचं लग्न—"

"आमच्या ह्यांना बोलावलंय? मेळाव्याला?" पलीकडचा आवाज एकदम गोड झाला. "किती वाजता आहे हो? मीच घेऊन येते त्यांना."

दुसऱ्या घरी सासूबाईंनी उचलला. मुलाचं लग्न झालं होतं. मग आवाज अगदी खाली आणून त्या म्हणाल्या, "सून आत आहे. तुमच्याकडे बदलून मिळतं का?" एका गृहस्थांनी सांगितलं, की त्यांचं लग्न आमच्याच मंडळातून झालं, मुलगी आता बालवाडीत आहे आणि तिच्या स्थळासाठी आत्तापासून नोंद करून ठेवायची का. बाईंना एका मुलानं पेढे द्यायचे राहिले म्हणून चार वेळा माफी मागितली. एका आईनं विचारलं, की मुलगा लाजाळू आहे, स्टेजवर त्याच्याऐवजी ती बोलली तर चालेल का.

"अजिबात नाही!" पत्ते लिहिता लिहिता सर ओरडले. "क्रमांक पुकारला की ज्यानं त्यानं स्टेजवर यायचं, माइकसमोर स्वतःची माहिती स्वतः सांगायची. कोणालाही सवलत नाही. सांगा त्यांना."

"तुमच्या मुलाला थोडं पाणी पाजून पाठवा," बाईंनी फोनमध्ये सांगितलं. "मी असेन तिथे."

आणि मग माझ्या गठ्ठ्यात एक कागद आला. वय एकसष्ट. पुनर्विवाह. मी सहज अपेक्षेचा रकाना वाचला आणि खुर्चीत सरळ बसले. मग पडद्यावर तोच क्रमांक उघडून पूर्ण नोंद पाहिली, कारण तिथे नाव होतं. पाहिलं, बंद केलं, आणि इकडेतिकडे बघितलं. सर पाकिटाला डिंक लावत होते. बाई फोनवर कोणाला तरी पत्ता समजावत होत्या.

आता सरळ मार्गी मुलीनं तो कागद फाडून टाकला असता, नाहीतर सरांच्या हातात दिला असता. मी तसली मुलगी नव्हते. मी तो बाईंच्या गठ्ठ्यात घातला. अगदी वर नाही, चौथा की पाचवा.

त्यानंतर मी एकही फोन केला नाही. नुसता मोबाइल कानाला लावून बसले.

बाईंनी आधीचे कागद संपवले आणि तो उचलला. भुवया वर गेल्या.

"हे बघ गं, एकसष्ट वर्षांचे आजोबा. बरं, असू देत. माणसाला सोबत लागते." मग त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. "पण हे काय? ही तारीख तर दोन वर्षांपूर्वीच्या सर्वपित्री अमावास्येची आहे! त्या एका अमावास्येला मात्र ऑफिसला कुलूप असतं. मी तर अमावास्येची तारीख कधीच लागू देत नाही. ही नोंद घुसवली कोणी?"

सरांचं डिंकाचं बोट हवेत थांबलं.

"आणि अपेक्षा ऐक. 'वाद घालणारी असावी. कामात चोख. चहात साखर कमी घालणारी. याखेरीज अपेक्षा नाही.'" बाई हसल्या. "काय माणूस आहे! ह्यांना फोन केलाच पाहिजे."

"बाई," सर म्हणाले, "तो कागद जरा—"

पण बाईंनी आकडे फिरवायला घेतले होते. समोर बसलेल्या माणसाला फोन कोण करतं? त्यांना तो नंबर तोंडपाठ असायचं काही कारण नव्हतं. शेवटचा आकडा झाला आणि सरांच्या शर्टाच्या खिशात, दोन पेनांच्या शेजारी, मोबाइल वाजायला लागला.

बाईंनी खिशाकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग परत खिशाकडे. फोन वाजत होता. खाली गिरणी चालू होती. मला वाटलं, आता बाई रिसीव्हर खाली ठेवतील आणि मी केलेला आचरटपणा माझ्याच गळ्यात पडेल. पण बाई तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या. त्यांनी रिसीव्हर तसाच कानाला धरला आणि सरांकडे बघत राहिल्या, उचलेपर्यंत बघत राहिल्या.

सरांनी उचलला.

"हॅलो. मुतालिक बोलतोय."

"मी वधू-वर मंडळातून बोलतेय," बाई म्हणाल्या. दोघांत दोन टेबलांचं अंतर, तरी दोघंही फोनमध्येच बोलत होती. "नोंदणी क्रमांक चारशे सात आपणच का?"

"... हो."

"आमच्याकडे नोंदींचा थोडा घोटाळा झालाय, म्हणून विचारतेय. आपलं लग्न झालं का?"

"नाही."

"कुठे जमलंय?"

"नाही."

"मग नोंद का काढून टाकली होती?"

सरांनी घसा साफ केला. "सर्वपित्रीला केली. कोणी नसतं म्हणून. रात्रभर विचार केला. सकाळी आपण आलात आणि म्हणालात, काल माझ्या खुर्चीवर कोण बसलं होतं, उंची बदललीय. मला वाटलं, रागावलात. म्हणून काढली."

"खुर्चीवर रागावले होते मी."

"ते मला तेव्हा कळलं नाही."

बाईंचा आवाज अजून तसाच कोरडा होता, पण मोकळ्या हातानं त्या फोनची वायर बोटाला गुंडाळत होत्या. मला ते दिसत होतं. मला एकदम रडूच यायला लागलं आणि त्याच वेळी हसूही येत होतं.

"नियम मोडलात," बाई म्हणाल्या.

"मोडला."

"एकही मोडला नाही म्हणत होतात काल. तेही केवढ्यांदा."

"बाई, आता—"

"थांबा, माझी माहिती पूर्ण होऊ दे. नोंद ठेवायची की काढायची?"

सरांनी बोटावरचा डिंक पुसला. मग म्हणाले, "ठेवा."

"ठीक. मग रविवारी मेळाव्याला यावं लागेल."

"येणारच आहे. संचालक आहे मी."

"संचालक म्हणून नाही, उमेदवार म्हणून. क्रमांक पुकारला की स्टेजवर यायचं आणि माइकसमोर स्वतःची माहिती स्वतः सांगायची. कोणालाही सवलत नाही." बाईंनी कागदाची कड सरळ केली. "मी बुधवारी नाशिकला चाललेय. त्यामुळे पुढच्या मेळाव्याचं मला काही सांगता येणार नाही. नमस्कार."

आणि त्यांनी फोन ठेवला, कागदावर बरोबरची खूण केली आणि गठ्ठ्यातला पुढचा कागद उचलला. सर मोबाइल कानाला लावून आणखी थोडा वेळ बसले होते.

शनिवारी ते ऑफिसला आले नाहीत. मला धाकधूक लागली. येतील की नाही? साठी ओलांडलेला माणूस, गावात मान, वीस-पंचवीस वर्षांच्या पोरांबरोबर रांगेत उभा राहील? आणि नाही राहिला, तर बाई गेल्याच. बाईंना विचारायची मला हिंमत झाली नाही. त्या पाकिटं मोजत होत्या आणि दर वेळी जिन्यावर पाय वाजला की मोजलेलं विसरून पहिल्यापासून सुरुवात करत होत्या.

रविवारी मंगल कार्यालय भरून गेलं. मी कॉम्प्युटर उचलून स्टेजच्या कडेला टेबलावर मांडला. पडद्यावर ज्याची नोंद, तो क्रमांक बाई माइकवरून पुकारायच्या. मुलं यायची, कोणी पाठ केलेलं बोलायचं, कोणी पाठ केलेलं विसरायचं. त्या लाजाळू मुलाला बाईंनी शेजारी उभं राहून पाणी दिलं. सकाळपासून सरांचा पत्ता नव्हता.

चारशे सात आला. बाईंनी चष्मा सारखा केला. मग इतर क्रमांकांइतक्याच सपाट आवाजात त्यांनी पुकारलं.

कोणी उठलं नाही. बाईंनी दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्या वेळेला बाईंचा आवाज जरा चिरकला. तेवढ्यात मागच्या दारातून सर आले. नवा शर्ट, खिशाला एकही पेन नाही, छातीवर उमेदवाराचा बिल्ला. मधल्या रस्त्यानं चालत आले, स्टेजच्या पायऱ्या चढले. पोरं खुसखुसायला लागली. कोणीतरी "अहो सर, तुमची खुर्ची तिकडे आहे," असंही म्हणालं.

सरांनी माइक धरला.

"मी मुतालिक. वय आता त्रेसष्ट. पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली. मुलाला कालच फोनवर सांगितलं. तो म्हणाला, बाबा, एवढा उशीर?" खुसखूस थांबली. "नियमांचा माणूस आहे. त्याचा इतरांना त्रास होतो, हे मला गुरुवारी कळलं. समोर बसून कोणी वाद घातला नाही, तर मला जेवण जात नाही. हे मला आधीपासून ठाऊक होतं, पण बोललो नाही. कोणी बुधवारचं तिकीट काढलं असेल, तर ते रद्द करायच्या रांगेत उभा राहायला मी तयार आहे. आणि त्यांनी जायचंच ठरवलं असेल, तर सामान स्टेशनवर पोचवायलाही तयार आहे. एवढंच."

मग पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी टाळी वाजवली आणि मागोमाग सगळ्यांनी. बाईंनी माइक घेतला.

"धन्यवाद. पुढचा क्रमांक, चारशे अकरा."

बस, एवढंच! सर खाली उतरले, पाण्याच्या पिंपामागे खुर्ची ओढून बसले आणि रुमालानं मान पुसायला लागले. चारशे अकरा माइकवर आपल्या पगाराबद्दल बोलत होता. बाई माझ्या टेबलाशी आल्या. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"वृषाली, नोंद कायमची काढता येते का? परत कधी उकरली तरी निघणार नाही, अशी?"

तो कागद मीच तर सरकवला होता. एवढ्या माणसांसमोर सरांचं हसं झालं, आणि वर हे.

"येते, बाई. पण..."

"चारशे सात काढ."

"बाई, निदान आज संध्याकाळपर्यंत तरी—"

"काढ म्हणते ना."

मी क्रमांक टाकला. प्रोग्रामनं कारण विचारलं. लग्न जमलं असल्यास एक, स्वतःहून रद्द केल्यास दोन. माझं बोट काही पुढे होईना. बाई माझ्या खांद्यावरून वाकल्या आणि त्यांनी स्वतः बटण दाबलं. एक.

"बाई!"

"ओरडू नकोस, माइक चालू आहे." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, डोळेही पुसले. मग पाण्याच्या पिंपाकडे पाहिलं. सर रुमाल पिळत होते. "आणि त्यांना एवढ्यात काही सांगायचं नाही. दोन वर्षं लावली त्यांनी. मी जेवणापर्यंत तरी लावतेच."